मर्यादित संख्येच्या जपानी मोटारी: मूळ रूप जपावे की फेरबदल करावेत?

निसान कंपनीने ‘स्कायलाइन जीटी-आर’ या मोटारीची आर३४ ही पिढी बंद करताना २००२ मध्ये तिची निरोपाची आवृत्ती बाजारात आणली. जर्मनीतील न्युरबुर्गरिंग या शर्यतीच्या मार्गावरून तिला ‘न्युर’ हे नाव देण्यात आले. अशा सुमारे एक हजार गाड्या तयार झाल्या. त्यांतील ‘व्ही-स्पेक २ न्युर’ या प्रकाराची जपानमधील मूळ किंमत सुमारे ६१ लाख येन होती. आज या गाड्या त्याच्या कित्येक पट किमतीला हात बदलतात आणि ज्या गाडीला कारखान्यातून बाहेर पडल्यापासून कोणी हात लावलेला नाही, तिला सर्वाधिक मागणी असते.

यात एक विसंगती आहे. ‘जीटी-आर’चा जगभरातील लौकिक प्रामुख्याने तिच्यातील फेरबदलांवर उभा राहिला. इंजिनाची शक्ती दुप्पट करणे, टर्बोचार्जर बदलणे, गाडी जमिनीलगत आणणे हे जपानमधील हौशी मालक आणि कुशल कारागीर अनेक वर्षे करत आले. मात्र ज्या गाडीने ही परंपरा घडवली, तिचे मोल आता ती परंपरा टाळल्याने वाढत आहे. अशी मोटार बाळगणाऱ्यापुढे त्यामुळे यांत्रिक, कायदेशीर आणि आर्थिक असे तिन्ही प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. फेरबदल करावा की नाही, हा त्यांतील वरवरचा प्रश्न झाला. केलेला बदल पुन्हा मागे घेता येईल का, हा खरा प्रश्न आहे.

संख्या मर्यादित का असते?

मोटारींच्या मर्यादित आवृत्त्या एकाच कारणाने निघत नाहीत. पहिले कारण शर्यतीच्या नियमांत आहे. १९८० च्या दशकातील ‘ग्रुप ए’ या शर्यत प्रकारात उतरणारी मोटार ही सामान्य ग्राहकाला विकली जाणारी मोटार असली पाहिजे, अशी अट होती. त्यासाठी मूळ प्रकाराच्या ठरावीक मुदतीत ५,००० गाड्या तयार कराव्या लागत. त्यानंतर शर्यतीसाठी सुधारित भाग वापरायचे असतील, तर ते भाग बसवलेल्या आणखी ५०० गाड्या बनवणे बंधनकारक होते.

निसानने १९८९ मध्ये आर३२ पिढीची ‘जीटी-आर’ आणली ती हे नियम डोळ्यांसमोर ठेवूनच. तिच्या ‘आरबी२६’ इंजिनाची क्षमता २,५६८ घनसेंटीमीटर ठेवण्यामागेही गणित होते. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनाची क्षमता नियमानुसार १.७ ने गुणली जात असे आणि हा गुणाकार साडेचार लिटरच्या गटात बसणे आवश्यक होते. पुढील वर्षी आलेल्या ‘निस्मो’ आवृत्तीच्या एकूण ५६० गाड्या निघाल्या. त्यांपैकी ५०० ग्राहकांसाठी, तर ६० शर्यतीसाठी होत्या. या आवृत्तीत सोयी वाढवण्याऐवजी कमी करण्यात आल्या. मागील काचेचा वायपर आणि चाके लॉक होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा काढून टाकण्यात आली. टर्बोचार्जरमधील चिनी मातीसारख्या सिरॅमिक पदार्थाचे चक्र बदलून धातूचे बसवण्यात आले. १९९० ते १९९३ या काळात जपानमधील ‘ग्रुप ए’ टूरिंग मोटार स्पर्धेच्या सर्व २९ शर्यती आर३२ ने जिंकल्या. ऑस्ट्रेलियातील बाथर्स्ट येथील प्रतिष्ठेची शर्यतही तिने १९९१ आणि १९९२ अशी सलग दोनदा जिंकली. ‘गॉडझिला’ हे टोपणनाव तिला ऑस्ट्रेलियातच मिळाले.

दुसरे कारण गौरवाचे किंवा निरोपाचे असते. सुबारूने १९९८ मध्ये ‘इम्प्रेझा २२बी’ ही मोटार काढली. कंपनीची ४० वर्षे आणि जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धेतील उत्पादकांचे सलग तिसरे विजेतेपद यांचे ते स्मरण होते. जपानसाठी तिच्या केवळ ४०० गाड्या होत्या. आर३४ ची ‘न्युर’ आवृत्ती निरोपाची होती. जपानमध्ये लागू झालेल्या कठोर उत्सर्जन नियमांमुळे २००२ च्या ऑगस्टमध्ये ‘स्कायलाइन जीटी-आर’बरोबरच टोयोटाची ‘सुप्रा’, माझदाची ‘आरएक्स-७’ आणि निसानचीच ‘सिल्विया’ या मोटारींचेही उत्पादन थांबले. एका संपूर्ण परंपरेचा तो शेवट होता. त्यामुळे त्या काळातील अखेरच्या आवृत्त्यांना आज स्मृतिचिन्हाचे मोल आले आहे.

कागदावर २८०, प्रत्यक्षात अधिक

या मोटारींत इतके फेरबदल का झाले, हे समजण्यासाठी जपानी उत्पादकांमधील एका अलिखित कराराकडे पाहावे लागते. १९८८ मध्ये जपानमधील रस्ते अपघातांतील वार्षिक बळींची संख्या दहा हजारांवर गेली होती. वेगवान मोटारींवर टीका होऊ लागल्यावर उत्पादकांनी देशांतर्गत विक्रीच्या कोणत्याही मोटारीची शक्ती २८० अश्वशक्तीपेक्षा अधिक जाहीर न करण्याचे आपसांत ठरवले. वेगही ताशी १८० किलोमीटरवर रोखण्याची पद्धत रूढ होती. शक्तीविषयीचा हा संकेत २००४ मध्ये होंडाच्या ‘लेजेंड’ मोटारीने मोडला. तोवर आर३२, आर३३ आणि आर३४ या तिन्ही ‘जीटी-आर’ पिढ्यांच्या माहितीपत्रकावर २८० हाच आकडा छापला गेला.

इंजिन मात्र त्याहून कितीतरी अधिक शक्तीसाठी बांधलेले होते. ‘आरबी२६’चा ठोकळा ओतीव लोखंडाचा होता. सहा सिलिंडर एका रांगेत होते, प्रत्येकासाठी हवेची स्वतंत्र झडप होती आणि दोन टर्बोचार्जर होते. शर्यतीतील गाड्यांमध्ये हेच मूलभूत इंजिन ५०० अश्वशक्तीच्या पुढे जात असे. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीची ताकद अशा प्रकारे जाणूनबुजून आवरलेली होती. ती मोकळी करण्याचे काम खासगी कार्यशाळांनी हाती घेतले. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या ‘एचकेएस’सारख्या कंपन्यांनी टर्बोचार्जर, एग्झॉस्ट आणि इंधन नियंत्रणाच्या सुट्या भागांचा मोठा व्यवसाय उभारला. १९८३ मध्ये सुरू झालेले आणि पुढे ‘टोकियो ऑटो सलोन’ या नावाने ओळखले जाऊ लागलेले प्रदर्शन म्हणजे या संस्कृतीचा वार्षिक मेळावाच ठरला.

एक भाग बदलला की पुढचा बदलावा लागतो

टर्बोचार्जर हे यंत्र इंजिनातून बाहेर पडणाऱ्या उष्ण वायूच्या जोरावर एक चक्र फिरवते. त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. हवेचा दाब वाढवला की अधिक इंधन जाळता येते आणि शक्ती वाढते. वरवर पाहता हा सर्वांत स्वस्त बदल आहे. एक नियंत्रक बसवला आणि इंजिन चालवणाऱ्या संगणकातील आकडे बदलले, की गाडी जोरात पळू लागते.

मात्र दाबाबरोबर उष्णता वाढते आणि चक्राचा वेगही वाढतो. ‘जीटी-आर’च्या नेहमीच्या आवृत्त्यांतील सिरॅमिक चक्र वजनाला हलके असल्याने लवकर वेग घेते, परंतु दाब मर्यादेबाहेर गेला तर ते तुटण्याचा धोका असतो. तुटलेले तुकडे इंजिनापर्यंत पोहोचले तर नुकसान मोठे असते. म्हणून दाब वाढवणाऱ्याला टर्बोचार्जर बदलावा लागतो. मोठ्या टर्बोचार्जरला अधिक इंधन लागते, त्यामुळे इंधनाचा पंप आणि इंजेक्टर बदलतात. वाढलेल्या उष्णतेसाठी रेडिएटर आणि दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर मोठा करावा लागतो. त्यापुढे क्लच घसरू लागतो, गिअरबॉक्सवरील ताण वाढतो आणि गाडी अधिक वेगाने धावू लागल्यावर ती थांबवण्यासाठी ब्रेकही तितकेच समर्थ असावे लागतात.

‘आरबी२६’ची दुबळी बाजू तेलाच्या व्यवस्थेत आहे, हे जाणकार कारागीर सांगतात. सुरुवातीच्या आर३२ गाड्यांत तेलपंपाला फिरवणारा क्रँकशाफ्टवरील भाग अरुंद होता. इंजिन वारंवार कमाल फेऱ्यांपर्यंत नेल्यास पंपाचे दाते फुटण्याची शक्यता असे. दीर्घकाळ उच्च फेऱ्यांवर तेल इंजिनाच्या वरच्या भागात साचते आणि खालच्या टाकीत कमी पडते, ही दुसरी अडचण होती. शक्ती वाढवण्यापूर्वी तेलाची व्यवस्था सुधारणे हे त्यामुळे शहाणपणाचे मानले जाते. या कामाने गाडीचा वेग वाढत नाही आणि ते बाहेरून दिसतही नाही; तरीही ते टाळून केलेले पुढचे सर्व काम कच्च्या पायावर उभे राहते.

‘न्युर’ आवृत्तीचे महत्त्व येथे स्पष्ट होते. तिच्यात शर्यतीसाठीच्या ‘एन१’ प्रकाराचा अधिक भक्कम इंजिन ठोकळा आणि धातूचे चक्र असलेले टर्बोचार्जर कारखान्यातच बसवलेले होते. इंजिनावरील सोनेरी रंगाचे आवरण आणि ताशी ३०० किलोमीटरपर्यंत आकडे असलेला वेगदर्शक या तिच्या दृश्य खुणा होत. म्हणजे फेरबदलासाठी सर्वांत योग्य असलेली गाडी हीच आहे आणि तिच्या किमतीमुळे फेरबदलास सर्वांत अयोग्य ठरलेली गाडीही हीच आहे.

तपासणीची चौकट

जपानमध्ये कोणतीही खासगी मोटार ‘शाकेन’ या अनिवार्य तपासणीशिवाय रस्त्यावर चालवता येत नाही. नव्या मोटारीची पहिली तपासणी तीन वर्षांनी होते, त्यानंतर ती दर दोन वर्षांनी करावी लागते. ब्रेक, दिवे, उत्सर्जन आणि आवाज यांची त्यात परीक्षा होते. गाडीचा तळ जमिनीपासून किमान नऊ सेंटीमीटर उंच असावा लागतो. गाडी फार खाली आणण्याची हौस या एका नियमापाशी अडते.

फेरबदलांविषयीचे जपानचे धोरण कायम असेच नव्हते. पूर्वी बहुतेक बदल बेकायदा ठरत आणि कार्यशाळा आडवाटेने काम करत. १९९५ मध्ये नियम शिथिल झाले. अमेरिकेशी मोटारींच्या सुट्या भागांच्या व्यापारावरून झालेल्या वाटाघाटींची त्याला पार्श्वभूमी होती. त्यानंतर अनेक भाग अधिकृतपणे बदलता येऊ लागले. गाडीच्या लांबीत तीन सेंटीमीटर, रुंदीत दोन सेंटीमीटर, उंचीत चार सेंटीमीटर आणि प्रवासी मोटारीच्या वजनात ५० किलोपर्यंतचा फरक साधारणपणे चालतो. त्यापलीकडचा बदल किंवा इंजिनाच्या क्षमतेत वाढ केल्यास रचनाबदलाची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी लागते आणि तो बदल गाडीच्या कागदपत्रांवर नोंदला जातो.

या व्यवस्थेचा एक परिणाम लक्षणीय आहे. बदलाला मुभा आहे, पण त्याची मोजणी होते आणि त्याची नोंद राहते. ज्या जपानी गाडीची अशी कागदपत्रे पूर्ण आहेत, तिचा इतिहास खरेदीदाराला वाचता येतो. दुसरीकडे, नोंदणीला १३ वर्षे झालेल्या पेट्रोल मोटारींवर जपानमध्ये वार्षिक कर वाढतो. जुनी गाडी नियमात ठेवण्याचा खर्च त्यामुळे वर्षागणिक चढत जातो आणि अनेक मालक ती निर्यातदाराला विकण्याचा मार्ग पत्करतात.

पंचवीस वर्षांची दारे

निर्यातीची ही वाट प्रामुख्याने अमेरिकेकडे जाते. तेथील सुरक्षा मानकांनुसार न बनलेली परदेशी मोटार सर्वसाधारणपणे आणता येत नाही; मात्र उत्पादनाला २५ वर्षे पूर्ण झाल्यावर ही अट सुटते. १९८९ च्या ऑगस्टमधील पहिल्या आर३२ गाड्यांना २०१४ मध्ये ही सवलत मिळाली. आर३४ चे उत्पादन १९९९ च्या जानेवारीत सुरू झाल्याने तिच्यासाठी हे दार २०२४ मध्ये उघडले. ‘न्युर’ आवृत्तीची पाळी २०२७ मध्ये येईल. जपानमध्ये सुमारे १२ हजारच आर३४ ‘जीटी-आर’ बनल्या होत्या. त्यांतील काही अपघातांत गेल्या, काही शर्यतींत झिजल्या. उरलेल्यांसाठी आता संगणकीय खेळ आणि ‘फास्ट अँड फ्युरियस’ चित्रपटमालिका पाहत वाढलेली, हाती पैसा आलेली पिढी स्पर्धेत उतरली आहे.

किंमत ठरवताना बाजार कोणत्या गोष्टी पाहतो? जपानमधील लिलावांत प्रत्येक गाडीसोबत तपासणीचा तक्ता असतो. त्यावर गाडीला श्रेणी दिलेली असते आणि ओरखडे, गंज, बदललेले पत्रे यांच्या खुणा गाडीच्या रेखाचित्रावर नोंदवलेल्या असतात. अपघातानंतर सांगाड्याची दुरुस्ती झालेली गाडी वेगळ्या श्रेणीत जाते. त्याखेरीज चासी क्रमांक, रंगाचा सांकेतिक क्रमांक, इंजिन त्याच गाडीचे आहे की नाही आणि धावलेले अंतर यांची पडताळणी होते. मर्यादित आवृत्तीच्या बाबतीत हे अधिक गरजेचे असते, कारण साध्या गाडीला विशेष आवृत्तीचे बिल्ले आणि बाह्यभाग लावून फसवणूक करणे अवघड नसते.

असे असले तरी मूळ रूप हेच नेहमी सर्वाधिक किमतीचे, असा सरधोपट नियम करता येत नाही. २००९ च्या ‘फास्ट अँड फ्युरियस’ चित्रपटात दिवंगत अभिनेते पॉल वॉकर यांनी चालवलेली निळी आर३४ बॉनहॅम्स या लिलावसंस्थेने २०२३ मध्ये विकली. ती १३ लाख ५७ हजार डॉलरला गेली. ती गाडी मुळाबरहुकूम नव्हती. तिच्यात चित्रपटासाठी बरेच बदल केलेले होते. खरेदीदाराने त्या बदलांमागील कथेची किंमत मोजली.

दुसरे उदाहरण निसानच्याच शर्यत विभागाचे आहे. ‘निस्मो’ने आर३४ चे उत्पादन बंद झाल्यानंतर ३० हजार किलोमीटरपेक्षा कमी धावलेल्या वापरलेल्या गाड्या मिळवल्या, त्या पूर्ण सुट्या केल्या, सांगाडा मजबूत केला आणि २.८ लिटर क्षमतेचे ५०० अश्वशक्तीचे इंजिन बसवले. ‘झेड-ट्यून’ नावाच्या या गाड्यांची संख्या सुमारे २० होती आणि किंमत एक कोटी ७७ लाख येनच्या घरात होती. ‘स्कायलाइन जीटी-आर’च्या सर्वांत दुर्मीळ आणि मौल्यवान आवृत्त्यांत आज तिची गणना होते. तांत्रिकदृष्ट्या ती फेरबदल केलेली जुनी गाडी आहे. कोणी, कशासाठी आणि किती काळजीपूर्वक बदल केला, याची साक्ष उपलब्ध असेल तर बदलही इतिहासाचा भाग होतो, हे या दोन्ही उदाहरणांतून दिसते. निनावी आणि नोंद नसलेल्या बदलाला हे भाग्य लाभत नाही.

परतीची वाट

म्हणूनच जाणकार मालक बदलांची दोन गटांत विभागणी करतात. चाके, स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर, एग्झॉस्टची नळी, आसने, इंजिनाच्या संगणकाचा स्वतंत्र पर्याय हे बदल नटबोल्ट सोडवून मागे घेता येतात. मूळ भाग स्वच्छ करून, तेल लावून, गुंडाळून ठेवले तर गाडी पुन्हा पहिल्या रूपात आणणे शक्य असते. सांगाड्याला छिद्रे पाडणे, चाकांवरील पत्रा कापून रुंद करणे, रंग बदलणे, आतील तारांची जोडणी तोडणे, मूळ इंजिन विकून टाकणे हे बदल मात्र मागे फिरत नाहीत. कापलेला पत्रा पुन्हा जोडता येतो. पण तो कधीच कापला गेला नव्हता, असे म्हणता येत नाही.

मूळ रूप जपण्याचा दुराग्रहही गाडीला घातक ठरू शकतो. बंद खोलीत उभ्या असलेल्या मोटारीचे रबरी भाग कडक होतात, तेलाच्या सीलमधून गळती सुरू होते, इंधन टाकीत खराब होते आणि टायर एकाच जागी दबून बिघडतात. वीस वर्षांपूर्वीचे टायर किंवा ब्रेकच्या नळ्या केवळ मूळ आहेत म्हणून ठेवणे हा सुरक्षेशी खेळ आहे. झिजणाऱ्या वस्तू बदलणे म्हणजे फेरबदल नव्हे, तर ती देखभाल असते.

मूळ भाग मिळण्याचा प्रश्न त्यामुळे कळीचा ठरतो. उत्पादन थांबल्यावर काही वर्षांनी कंपन्या सुटे भाग बनवणे बंद करतात आणि शेवटी मालकाला दुसरी गाडी मोडून भाग मिळवावे लागतात. निसान, निस्मो आणि ऑटेक यांनी २०१७ मध्ये आर३२ साठी बंद झालेले भाग पुन्हा बनवण्याचा ‘हेरिटेज’ उपक्रम सुरू केला आणि पुढे तो आर३३ व आर३४ पर्यंत वाढवला. या भागांमुळे जुनी गाडी चालती ठेवणे शक्य झाले आहे. ती कापून नवी करण्याऐवजी दुरुस्त करून जपण्याला कंपनीनेच दिलेली ही मान्यता होय.

भारतात काय शक्य आहे?

भारतात आणि जपानमध्ये वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात आणि मोटारींचे चक्र उजवीकडे असते. जपानी मोटार येथे सहज वापरता यावी, असे त्यामुळे वाटते. आयातीचे नियम मात्र वेगळे सांगतात. परदेशात वापरलेली मोटार भारतात आणताना ती उत्पादनापासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, अशी सर्वसाधारण अट आहे आणि अशी आयात मुंबई बंदरातूनच करावी लागते. अमेरिकेत २५ वर्षांनंतर दार उघडते, तर भारतात ते तीन वर्षांनंतर बंद होते. त्यामुळे आर३४ किंवा ‘२२बी’सारखी गाडी सामान्य मार्गाने आणून येथे नोंदवणे शक्य होत नाही. निसानने नव्या पिढीची ‘जीटी-आर’ मात्र २०१६ च्या डिसेंबरमध्ये भारतात अधिकृतपणे आणली होती. दिल्लीतील तिची शोरूम किंमत एक कोटी ९९ लाख रुपये होती.

मोटार देशी असो वा विदेशी, फेरबदलांबाबत भारतीय कायदा जपानच्या तुलनेत कठोर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील, असा बदल मालकाला करता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाचा याबाबतचा निर्णय रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. गाडी वेगळ्या इंधनावर चालवण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवण्यासारखे अपवाद कायद्यातच दिलेले आहेत. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२ अ नव्या स्वरूपात आले. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा या दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

व्यवहारात याचा अर्थ असा की, येथे मोठ्या टर्बोचार्जरचे इंजिन, रुंद केलेला सांगाडा किंवा कर्कश सायलेन्सर यांना कागदोपत्री स्थान मिळत नाही. रंगाची नोंदही प्रमाणपत्रावर असल्याने तो बदलण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. महाराष्ट्रात अनेक शहरांतील पोलिसांनी जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रोलरखाली चिरडल्याची दृश्ये नागरिकांच्या परिचयाची आहेत. याहून मोठा धोका विम्याचा आहे. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर उघड झाला, तर भरपाई नाकारली जाण्याची शक्यता असते. त्याचा फटका मालकाबरोबर अपघातात सापडलेल्या त्रयस्थ व्यक्तीलाही बसू शकतो, कारण भरपाईचा वाद लांबतो.

जपानमध्ये फेरबदल मोजून त्याची नोंद केली जाते, तर भारतात तो बहुतांशी निषिद्ध असतो. निषिद्ध काम लपूनछपून होते आणि लपून झालेल्या कामाची गुणवत्ता कोणी तपासत नाही, ही भारतीय व्यवस्थेची अडचण आहे. जपानमध्येही १९९५ पूर्वी हीच स्थिती होती. शर्यतीची हौस असलेल्यांसाठी भारतात आजही सुरक्षित आणि कायदेशीर जागा म्हणजे बंदिस्त शर्यत मार्ग आणि मान्यताप्राप्त स्पर्धा. नोएडा परिसरातील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट, चेन्नईजवळील आणि कोइम्बतूर येथील मार्ग त्यासाठी उपलब्ध आहेत.

मालकी की राखणदारी?

निसानने ‘जीटी-आर’च्या आर३५ या पिढीचे उत्पादन १८ वर्षांनंतर, २०२५ च्या ऑगस्टमध्ये थांबवले. सुमारे ४८ हजार गाड्यांनंतर तोचिगी येथील कारखान्यातून शेवटची गाडी बाहेर पडली. त्याच वर्षीच्या ‘टोकियो ऑटो सलोन’मध्ये कंपनीने विजेवर चालणारी आर३२ प्रयोग म्हणून सादर केली होती. पेट्रोलवर धावणाऱ्या वेगवान मोटारींचा काळ सरत आहे आणि मागे उरलेल्या गाड्यांची संख्या आता वाढणार नाही. ती केवळ घटत जाईल.

या परिस्थितीत मर्यादित आवृत्तीची मोटार घेणारा माणूस एका वस्तूचा मालक होतो, तसाच तिच्या इतिहासाचा राखणदारही होतो. गाडी चालवणे हा त्याचा हक्क आहे. तिच्यात बदल करण्याची मुभा कायदा त्याला काही देशांत देतो. बदलाची नोंद ठेवणे, मूळ भाग जपणे, तेलाची व्यवस्था आणि ब्रेक यांना शक्तीच्या आधी स्थान देणे आणि पत्रा कापण्यापूर्वी दहादा विचार करणे, एवढी पथ्ये पाळली तर गाडी चालवण्याचा आनंद मिळतो आणि तिचे मोलही शाबूत राहते. एक हजारांतील एक गाडी कायमची बदलली की पुढच्या पिढीसाठी ९९९ उरतात, हा हिशेब मात्र कोणत्याही कार्यशाळेत दुरुस्त होत नाही.